घराचा घसारा कोण मोजतो?

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी दारोदार गुढ्या उभ्या राहतात, आणि त्याच सकाळी वृत्तपत्रांची पाने नव्या घरांच्या जाहिरातींनी भरून गेलेली असतात. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक मुहूर्त. या दिवशी घराचा बयाणा द्यावा, जमल्यास नव्या वास्तूत पाऊल टाकावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. घर घेऊ इच्छिणाऱ्यांना या दिवशी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्यांनी दहा, वीस वा तीस वर्षांपूर्वी अशाच एखाद्या पाडव्याला घर घेतले आणि जे आज त्याच घरावर गुढी उभारीत आहेत, त्यांच्याशी मात्र या दिवशी कोणी फारसे बोलत नाही. त्यांचा प्रश्न सुटला, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः घरमालकाचे प्रश्न घर ताब्यात आल्यावर सुरू होतात. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे.

आपल्याकडे नववर्षे अनेक आहेत. दिनदर्शिकेचे वर्ष १ जानेवारीला उजाडते, व्यापारी बलिप्रतिपदेला नवी वही घालतो, सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पाडवा या शेवटच्या तारखेच्या मागेपुढेच येतो, आणि म्हणून घराचा हिशेब मांडण्यास तो सर्वांत सोयीचा दिवस आहे. व्यापारी वर्ष संपताना दोन गोष्टी लिहितो. वर्षभरात काय मिळविले ही एक, आणि यंत्रे, गाड्या, इमारती यांची वर्षभरात किती झीज झाली ही दुसरी. या दुसऱ्या नोंदीला घसारा म्हणतात. जो कारखानदार घसारा लिहीत नाही त्याचा नफा कागदावर फुगलेला दिसतो आणि यंत्र बंद पडले की तो एकाएकी दिवाळखोर ठरतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असलेली ही गोष्ट सुशिक्षित पगारदार माणूस आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीबाबत विसरून जातो.

जमीन वाढते, भिंत झिजते

घरमालक आपल्या घराचे मोल कसे मोजतो? शेजारची सदनिका कितीला विकली गेली याची चौकशी करून, आणि १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर किती वाढले हे पाहून. आकडा वाढला की तो समाधान पावतो. आपले घर पंधरा लाखांचे साठ लाखांवर गेले, असे तो अभिमानाने सांगतो. येथे एका गोष्टीचा घोटाळा होतो. किंमत घराची वाढत नाही, घराखालच्या जमिनीची वाढते. सिमेंट, वाळू, पोलाद आणि विटा यांनी बनलेली वस्तू काळाबरोबर केवळ जुनी होते. तीस वर्षांची भिंत पाच वर्षांच्या भिंतीपेक्षा अधिक मोलाची असण्याचे कोणतेही कारण नाही.

तेव्हा घर ही एक नव्हे, दोन वस्तू आहेत. त्यांपैकी जमीन वाढते आणि बांधकाम झिजते. आता जरा आपल्या कागदपत्रांकडे पाहावे. सदनिकांच्या बाबतीत, जी जमीन वाढते ती असंख्य सोसायट्यांच्या नावावर अद्याप झालेलीच नाही. आणि जे बांधकाम झिजते त्याचा घसारा कोणीच बाजूस काढीत नाही. जे आपले नाही त्याची वाढ आपण मोजतो, आणि जे आपले आहे त्याची झीज मोजत नाही. मध्यमवर्गाच्या गृहस्वामित्वाचे हे खरे दुखणे आहे.

झीज म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यावयास हवे. आपल्या इमारती सिमेंट काँक्रीटच्या पोटात पोलादी सळ्या घालून उभारलेल्या असतात. काँक्रीट शाबूत असते तोवर त्यातील अल्कलीमुळे सळईला गंज चढत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो, काँक्रीटचा हा गुण क्षीण होतो, आणि गच्चीतून वा फुटलेल्या नळातून पाण्याची जोड मिळाली की सळई गंजू लागते. गंज मूळ पोलादापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट तडकते, तडीतून आणखी पाणी शिरते, आणि छताचे पोपडे खाली येऊ लागतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे चक्र अधिक वेगाने फिरते. या सर्व काळात बाहेरून रंग दिलेली इमारत उत्तम दिसत असते. गळतीवर रंगाचा हात मारणे म्हणजे तापाच्या रोग्याला पावडर लावणे होय.

एका सभेची गोष्ट

हे मी केवळ पुस्तकांच्या आधारे लिहीत नाही. मी ज्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत राहतो तेथील वार्षिक सभेत सात वर्षांपूर्वी एक ठराव आला होता. दुरुस्ती निधीसाठी प्रत्येक सदनिकेमागे दरमहा ६०० रुपये अधिक घ्यावेत, असे त्यात म्हटले होते. बाजूने पाच हात वर झाले आणि ठराव फेटाळला गेला. वर न झालेल्या हातांत एक माझा होता. माझे गृहकर्ज नुकतेच सुरू झाले होते, मुले लहान होती, आणि ‘इमारत अजून दणकट आहे, पुढे पाहू’ हे कुणीतरी काढलेले वाक्य मलाही पटण्यासारखे वाटले होते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने त्या दिवशी घसाऱ्याच्या विरोधात मत दिले, हे येथे नोंदवून ठेवणे मी कर्तव्य समजतो.

गतवर्षी गच्चीच्या खालच्या मजल्यावर स्लॅबचा तुकडा पडला. सुदैवाने कुणाला लागले नाही. तपासणी झाली, अंदाजपत्रक आले, आणि प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला १ लाख ६० हजार रुपये आले. तोपर्यंत खजिनदारपण माझ्याकडे आले होते, त्यामुळे धनादेश गोळा करण्याचे काम मलाच करावे लागले. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सात वर्षांपूर्वी वर झालेल्या पाच हातांपैकी एक हात त्यांचा होता. मुदतठेव मोडून त्यांनी धनादेश आणून दिला आणि इतकेच म्हणाले, ‘‘सर, तेव्हा पगार होता. दरमहा सहाशे मला जड नव्हते. आता एकरकमी जड जाते.’’

हिशेब साधा आहे. दरमहा ६०० रुपयांप्रमाणे सात वर्षांत प्रत्येकाचे ५०,४०० रुपये, म्हणजे चोवीस बिऱ्हाडांचे मिळून १२ लाखांवर रक्कम व्याजाखेरीज जमली असती. तीत संपूर्ण खर्च भागला नसता हे खरे. परंतु निधी हाताशी असता तर गच्चीचे जलरोधक काम वेळीच झाले असते आणि पाणी सळईपर्यंत पोचलेच नसते. टाळलेली दुरुस्ती व्याजासह परत येते, आणि ते व्याज बँकेच्या व्याजापेक्षा पुष्कळ चढे असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ते प्रत्येकाला सारखे जड जात नाही. मिळवत्या वयात टाळलेला खर्च निवृत्तीच्या वयात दारात उभा राहतो. ज्यांनी त्या दिवशी हात वर केला नाही त्यांच्यापैकी काहीजण दरम्यान घर विकून गेले. त्यांच्या वाट्याची झीज आता नव्याने आलेल्या कुटुंबांच्या माथी बसली आहे.

नियम आहे, पण जुन्या भावाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी याबाबत मुके नाहीत. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम सभासदांकडून घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला एक टक्का. परंतु हा टक्का कशाचा? इमारत बांधली तेव्हाच्या, वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या खर्चाचा. जमिनीची किंमत वगळून. अर्थशास्त्राच्या भाषेत हा ऐतिहासिक किमतीवरचा घसारा झाला. दुरुस्ती मात्र आजच्या किमतीला करावी लागते.

एक उदाहरण घेऊ. ६०० चौरस फुटांची एक सदनिका १९९० साली चौरस फुटास ३०० रुपये खर्चाने बांधली, असे धरू. बांधकाम खर्च १ लाख ८० हजार झाला. त्याचा एक टक्का वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे दरमहा १५० रुपये. तेच बांधकाम आज चौरस फुटास २,५०० रुपयांनी होईल, असे मानले तर खर्च १५ लाख येतो आणि त्याचा एक टक्का दरमहा १,२५० रुपये होतो. जी सोसायटी अजून १५० रुपयेच घेत आहे ती नियम पाळीत आहे आणि तरीही आपल्या इमारतीला उपाशी ठेवीत आहे. भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढत गेले तर बारा वर्षांत ते दुप्पट आणि तीस वर्षांत पावणेसहापट होतात. निधीची वर्गणी मात्र तेथेच राहते.

यावर उपाय उपविधींतच आहे, कारण त्यांतील ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण सभेला याहून अधिक वर्गणी ठरविण्याची पूर्ण मोकळीक आहे. दर तीन-चार वर्षांनी आजच्या बांधकाम दरावर हा एक टक्का नव्याने काढावा, एवढा ठराव प्रत्येक सोसायटीने केला तरी पुष्कळ साधेल. वाढ एकदम नको असेल तर ती तीन वर्षांत विभागून करावी. हा निधी बँकेत ठेव म्हणून स्वतंत्र राहावा. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी अथवा दिवाळीच्या रोषणाईसाठी त्याला हात लागू नये.

चाळींनी शिकवलेला धडा

घसारा कोणीच भरला नाही म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. मुंबईच्या जुन्या चाळींचा इतिहास समोर आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूंना संरक्षण देण्याची गरज होती, यात शंका नाही. परंतु भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला. मालकाने हात आखडता घेतला. ‘इमारत मालकाची आहे’ म्हणून भाडेकरूने लक्ष दिले नाही. इमारती कोसळू लागल्यावर शासनाला १९६९ चा दुरुस्ती व पुनर्रचना कायदा करावा लागला, उपकर बसवावा लागला आणि स्वतंत्र मंडळ उभारावे लागले. तरीही मागे पडलेला घसारा भरून निघाला नाही.

आपण मालकी हक्काच्या सदनिकांत राहतो, आपल्याला हे लागू नाही, अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. सोसायटीत प्रत्येकजण एकाच वेळी मालकही असतो आणि भाडेकरूही. मालक या नात्याने तो किमतीची वाढ मोजतो, आणि भाडेकरूच्या वृत्तीने ‘दुरुस्ती कमिटीने करावी’ असे म्हणतो. मुंबईत डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळून ६१ माणसे दगावली. ती शंभर वर्षांची चाळ नव्हती, तीस-पस्तीस वर्षांची काँक्रीटची इमारत होती. घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी जी इमारत पडली आणि १७ जणांचा बळी गेला, तेथे तळमजल्यावरील फेरफारांनी आधाराचे खांब दुबळे झाल्याचे कारण पुढे आले. पहिली घटना मोडकळीस आलेल्या इमारतीची हाक वेळेवर ऐकली न गेल्याची आहे. दुसरी घटना, एका जागेत केलेली तोडफोड सर्वांच्या जिवावर कशी बेतते, हे सांगणारी आहे.

पुनर्विकासाची आशा

हे सर्व मान्य करूनही एक आक्षेप घेतला जातो. इमारत जुनी झाली की पुनर्विकास होणारच. बिल्डर नवी, मोठी जागा देईल. मग जुन्या भिंतींवर पैसे कशाला घालवावेत? हा युक्तिवाद ऐकावयास आकर्षक आहे, आणि काही ठिकाणी तो खराही ठरला आहे. परंतु पुनर्विकास ही देणगी नाही. तो जमिनीच्या जादा चटईक्षेत्राचा सौदा आहे. रस्ता किती रुंद आहे, त्या भागात नवी सदनिका कोणत्या भावाने विकली जाते, यांवर तो जमतो वा फिसकटतो. मुंबई-पुण्याच्या मोक्याच्या जागी जमणारे गणित अरुंद गल्लीतील इमारतीला वा जिल्ह्याच्या गावातील सोसायटीला जमेलच असे नाही. ज्यांचे जमते त्यांचीही वाटाघाटीत दहा-दहा वर्षे जातात, आणि तेवढे पावसाळे इमारतीला काढावे लागतात.

शिवाय या सौद्यात विकावयाची वस्तू जमीन आहे. ती सोसायटीच्या नावावर नसेल तर सोसायटी कोणत्या बळावर बोलणार? १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन व इमारत तिच्या नावे करून देणे अपेक्षित होते. अनेकांनी ते दशकानुदशके केले नाही. म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजेच डीम्ड कन्व्हेअन्सची, तरतूद झाली. बिल्डर सहकार्य करीत नसेल, बेपत्ता असेल वा हयात नसेल, तरी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे सक्षम प्राधिकारी म्हणून अर्ज करून हा हक्क मिळविता येतो. काम कटकटीचे आहे. जुने करारनामे, मंजूर नकाशे, मालमत्ता पत्रक वा सातबारा गोळा करावे लागतात. परंतु ज्या वस्तूची किंमत खरोखर वाढते आहे ती आपल्या नावावर करून घेण्याचे हे काम आहे. ते लांबणीवर टाकण्यास कोणतेही सबळ कारण नाही.

चैत्र ते मृग

आता प्रत्यक्ष काय करावे? पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत साधारण दोन-अडीच महिने हाताशी असतात. इमारतीच्या दुरुस्तीला हा उत्तम काळ. पाऊस नाही, भिंती कोरड्या, आणि गच्ची मोकळी. शेतकरी याच काळात पेरणीपूर्व मशागत उरकतो, घरमालकानेही उरकावी.

प्रथम आपल्या डोळ्यांनी पाहावे. गच्चीवर जाऊन पाण्याचा उतार नीट आहे का, पावसाळी नळ्यांची तोंडे तुंबली आहेत का, टाकीखाली ओल आहे का, हे पाहण्यास अभियंता लागत नाही. बाहेरच्या भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे, सांडपाण्याच्या नळांचे उघडे सांधे, छतावरील तपकिरी डाग, खांब व तुळई यांवरील उभ्या-आडव्या भेगा यांची यादी करून ती लेखी स्वरूपात कमिटीला द्यावी. तोंडी तक्रार जिन्यातच विरून जाते.

दुसरे, संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढील इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. तिचा अहवाल सूचनाफलकावर लावावा. अहवाल वाईट आल्यास सदनिकेचा भाव पडेल, म्हणून तो दाबून ठेवावा, असे सुचविणारे सभासद भेटतात. ती शेजाऱ्यांशी आणि पुढील खरेदीदाराशी केलेली फसवणूक आहे. नव्या इमारतीतील रहिवाशांनी हेही ध्यानात ठेवावे की रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष बिल्डरने विनामूल्य दूर करावयाचा असतो. मात्र तो दोष त्याच्या नजरेस लेखी आणून देणे रहिवाशांच्या हिताचे आहे. पाच वर्षे पाहता पाहता सरतात.

तिसरे, आपल्या घरातील हौसेला आवर घालावा. जुन्या फरशीवर नवी फरशी बसविली की स्लॅबवर कायमचा बोजा वाढतो. न्हाणीघर हलविले की खालच्या घरात गळती सुरू होते. खांब आणि तुळई यांना तर छिन्नी लागताच कामा नये. आपल्या चार भिंतींच्या आत आपण राजे असलो तरी त्या भिंती कुणाच्या तरी डोक्यावर उभ्या आहेत.

चौथे, सभेला जावे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावयास हवी. ताळेबंदात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड यांचे आकडे स्वतंत्र दाखविलेले असतात. त्यांना सदनिकांच्या संख्येने भागावे. येणारा आकडा हीच आपल्या घराची खरी शिल्लक. मुंबईत गावदेवीला १९१५ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मध्यमवर्गीय माणूस एकेकटा जे करू शकत नाही ते एकत्र येऊन करू शकतो, ही सहकारामागील श्रद्धा होती. आज आपण सभेला गणपूर्तीपुरतेही जमत नाही आणि कमिटीला दोष देतो.

ज्यांचे स्वतंत्र घर आहे, गावातील कौलारू वा शहराच्या कडेचे बैठे, त्यांना कोणी कमिटी वर्गणी मागत नाही. म्हणून त्यांनी स्वतःला मागावी. आजच्या बांधकाम खर्चाच्या एक टक्का रकमेचे बारा भाग करून बँकेत आवर्ती ठेव काढावी. घर दहा लाखांत बांधून होईल असे असेल तर महिन्याला साधारण ८३५ रुपये होतात. कौले चाळण्याचा खर्च त्यातून निघेल आणि वाशांचा प्रश्न आला तर सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही.

कर्ज आणि कागद

ज्यांचे कर्ज अद्याप फिटलेले नाही त्यांनी नववर्षाच्या प्रारंभी बँकेकडून कर्जखात्याचा उतारा घ्यावा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र कित्येक वर्षांनी लांबली. कर्जदाराला ते कळलेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदारास द्यावी. हा हक्क मागून घ्यावा लागतो. निवृत्तीच्या वयानंतरही हप्ते चालू राहणार असतील तर ते आजच उघड झालेले बरे.

३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या वर्षी आपण ३ लाख १२ हजार भरतो, आणि मुद्दल कमी होते ६० हजारांपेक्षाही कमी. दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर हेच कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही. कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्यावे, हा जुना हिशेबही तपासून पाहावा. जी नवी करपद्धती २०२३ पासून मूलभूत मानली गेली आहे तीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

कागदांविषयी दोनच गोष्टी. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे वारसाची सोय झाली, ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ती घराची मालक होत नाही. २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले त्यानुसार तिला वारसा ठरेपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. मालकी कायदेशीर वारसांची. म्हणून नामनिर्देशन करावेच, पण त्यासोबत साधे, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्रही करून ठेवावे. भावाभावांत घरावरून अबोला धरलेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट विम्याची. भारत गृह रक्षा या नावाने एक प्रमाणित विमायोजना १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. आग, भूकंप, पूर यांपासून घराला तीत संरक्षण मिळते. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, बांधकाम पुन्हा उभारण्याच्या खर्चावर ठरते. घराचे खरे मोल जमिनीपासून वेगळे काढून कसे मोजावे, हे निदान विमा कंपनीला कळते! म्हणूनच हप्ता आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो. मात्र झीज हा अपघात नव्हे. तिचा विमा कोणी उतरवीत नाही. तिचा निधी आपणच उभारावयाचा असतो.

कडुलिंबाची पाने

या सर्व गोष्टी रुक्ष आहेत, आणि सणाच्या दिवशी त्या सांगितल्याबद्दल काही वाचक नाराज होतील. परंतु पाडव्याचा दिवस श्रीखंडापासून सुरू होत नाही. गुढी उभारल्यावर आधी कडुलिंबाची पाने, थोडा गूळ घालून का होईना, चावून खावी लागतात. वर्षाचा पहिला घास कडू असावा, म्हणजे पुढील वर्ष निरोगी जाते, असे ज्यांनी ठरविले त्यांना घसाऱ्याचे तत्त्व पुरते उमगले असले पाहिजे.

घर आपण एकदा विकत घेतो, ही समजूत सोडावयास हवी. घर दरवर्षी थोडे थोडे विकत घ्यावे लागते. न घेतल्यास ते दरवर्षी थोडे थोडे हातचे जाते. येत्या सभेत आमच्या सोसायटीपुढे दुरुस्ती निधीची वर्गणी आजच्या बांधकाम दरावर आणण्याचा ठराव पुन्हा मांडला जाणार आहे. या वेळी तो मी मांडणार आहे. त्या निवृत्त मुख्याध्यापकांनी अनुमोदन देण्याचे मान्य केले आहे. मात्र वाढ तीन वर्षांत विभागून करावी, अशी त्यांची सूचना आहे आणि ती योग्य आहे. ठराव संमत होईल की नाही, हे ठाऊक नाही. या वेळी माझा हात वर असेल, एवढे खरे.